बाद झालेल्या बोकडांचे पैसे कोणाकडून मागायचे?

प्रश्न : माझा मटणाचा व्यवसाय आहे. व्यापाऱ्याकडून घेतलेले बोकड नगरपालिकेच्या कत्तलखान्यात नेले. सकाळी डॉक्टरांनी सगळे पास केले. कापल्यावर मात्र दोघांची फुफ्फुसं बघून सांसर्गिक फुफ्फुसदाहाचा संशय सांगितला आणि मांस बाद केलं. कागद दिला नाही. व्यापारी पैसे परत करत नाही. डॉक्टरांवर दावा लावू का? उरलेले चार बोकड दुसऱ्या बाजारात काढू का?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात एक दिवसाचाही उशीर नको. ते चार बोकड कुठल्याही बाजारात नेऊ नका. शेळ्यांचा हा फुफ्फुसदाह 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याच्या अनुसूचीत आहे. असा रोग असावा असं मानायला कारण असेल, तर मालकाने कळवायचं (कलम 4) आणि जनावर वेगळं बांधायचं (कलम 5). सामाईक चराई आणि सामाईक पाणवठा दोन्ही बंद. संशय तुमच्या कानावर आला आहे, त्यामुळे ‘मला माहीत नव्हतं’ हे आता म्हणता येणार नाही. शिवाय हे बोकड विकलेत, तर नवा खरेदीदार तुमच्यावर तोच दावा करेल जो तुम्ही व्यापाऱ्यावर करू पाहताय, आणि त्याची बाजू तुमच्यापेक्षा भक्कम असेल. आजच ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला लेखी कळवा, एक प्रत सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या, दोन्हीकडून पोच घ्या. यात दुसऱ्यांचे कळपही वाचतात, हे मला दाव्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

डॉक्टरांवरचा दावा टिकणार नाही. कापण्याआधीच्या तपासणीत ताप, श्वास, चाल दिसते. फुफ्फुसातली खराबी बऱ्याचदा उघडल्यावरच कळते. म्हणून तर दोन तपासण्या असतात. सकाळची तपासणी घाईत उरकली असं वाटत असेल, तर 2001 च्या कत्तलखाना नियमांनुसार एका डॉक्टरने तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. नोंदवहीत आकडा जास्त निघाला तर तक्रार जरूर करा. तुमचे पैसे मात्र त्यातून येणार नाहीत.

पैसे देणं लागतो तो व्यापारी. वस्तू विक्री कायदा, 1930 च्या कलम 16 नुसार, मटणासाठी हवेत हे त्याला माहीत असताना त्याच्या भरवशावर घेतलेला माल त्या कामाला योग्य असायला हवा. ‘बघून घेतलेत ना’ असं तो म्हणेल. पण पाहणीत जो दोष दिसूच शकत नाही, त्याला हा बचाव लागू पडत नाही. बोकड तेव्हाच खोकत होते, नाक गळत होतं, असं असेल तर मला आधी सांगा. मग चित्र बदलतं. माल परत करणं आता शक्य नाही, म्हणून कलम 59 खाली नुकसानभरपाई मागायची. पुन्हा विकण्यासाठी घेतलेला माल असल्याने ग्राहक आयोगाकडे बहुधा जाता येणार नाही. दिवाणी न्यायालयातच जावं लागेल, मुदत साधारण 3 वर्षं.

तुमची खरी अडचण कागदाची आहे. मांस बाद केल्याची नोंद, कारण, डॉक्टरांची सही, नमुना प्रयोगशाळेत गेला असेल तर त्याचा अहवाल, हे सगळं कत्तलखान्याकडे लेखी मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज करा; 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बाद झालेले बोकड त्याच व्यापाऱ्याचे होते हेही सिद्ध करावं लागेल, तेव्हा खरेदीची पावती, कानातल्या बिल्ल्याचे नंबर, पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवा. हे हाती आलं की व्यापाऱ्याला नोंदणीकृत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवू.