कीवे (चावीची खाच) असलेला ६० एचआरसी (रॉकवेल कडकपणा) शाफ्ट लेथवर टर्न करताना सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड) इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या टोकाची, धार तुटते, स्पीड कमी करू का?

नको, स्पीड कमी करू नका. आधी कूलंट बंद करा. कीवेवर इन्सर्ट प्रत्येक फेऱ्यात कापातून बाहेर येतो आणि पुन्हा आत जातो. तापलेल्या धारेवर तेवढ्यात कूलंट पडलं की तिला बारीक तडे जातात आणि टवका उडतो. मी गोव्यात वेर्ण्यातल्या एका टूलरूममध्ये हेच काम करतो, तिथे असे जॉब कोरडेच चालवतो. स्पीड फार उतरवला तर कापाच्या जागी स्टील तापून नरम पडत नाही, उलट धारेवर जोर वाढतो. मिनिटाला १०० ते १३० मीटरपासून सुरुवात करा, डेप्थ ०.१ ते ०.२ मिमी ठेवा. चिप लालभडक निघून गार झाल्यावर बोटांनी चुरली, तर काप बरोबर बसला आहे. इन्सर्ट मागवताना खंडित (मध्ये तुटणाऱ्या) कापासाठीचा ग्रेड आणि चॅम्फर केलेली (किंचित तिरकी घासलेली) धार मागा. धारदार कोपरा इथे टिकत नाही. काढलेला इन्सर्ट भिंगाखाली नक्की बघा: फ्लँकवर (धारेखालच्या बाजूवर) सरळ, चकचकीत पट्टा असेल तर ती नेहमीची झीज, पण कोपऱ्याला टवका दिसला तर होल्डरचा ओव्हरहँग (बाहेर आलेली लांबी) आणि शाफ्टचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉकही तपासा. मात्र शाफ्टचा कडकपणा सगळीकडे सारखा आहे ना, हे मोजून घ्या. ४५ एचआरसीच्या खालच्या नरम भागावर सीबीएन झपाट्याने झिजतो. तिथे कोटेड कार्बाइडच वापरा.