वाचकांचे प्रश्न : लॉन पिवळं पडलं, ब्लॉक खचले, कंत्राटदार फोन उचलत नाही

बगीचा कंत्राटाने करून घेतला आणि काम बिघडलं, अशी पत्रं या महिन्यात खान्देशातून बरीच आली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : बंगल्यापुढे 1,000 चौरस फूट कार्पेट लॉन (मातीसकट आणून अंथरलेलं तयार गवत) डिसेंबरात करून घेतलं. कोटेशनमध्ये 6 इंच पोयटा (गाळाची) माती आणि शेणखत लिहिलेलं आहे. मार्चपर्यंत हिरवंगार होतं, एप्रिलपासून चट्टे पडून पिवळं पडतंय. एका कोपऱ्यात पाणी दोन-दोन तास तुंबतं, लव्हाळा हे तणही माजलंय. कंत्राटदार म्हणतो, ‘तुम्ही पाणी कमी देता.’ 70 टक्के पैसे देऊन झालेत. काय करावं? (जळगाव)

उत्तर : पाणी कमी पडलं की माती, हा वाद तोंडी मिटत नाही. खणलं की मिटतो. पिवळ्या चट्ट्यात एक, हिरव्या भागात एक आणि पाणी तुंबतं त्या कोपऱ्यात एक, असे तीन खड्डे घ्या. प्रत्येक खड्डा एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल. आधी फावड्याने गवताचा चौकोन कापून अलगद उचला आणि सावलीत ओल्या गोणपाटावर ठेवा. तो नंतर परत बसवता येतो. माती चिखल नको आणि दगडही नको, वाफसा असताना खणा.

खड्ड्याच्या उभ्या कापाकडे नीट बघा. वर अर्धा-पाऊण इंच कार्पेटची स्वतःची माती असते, मुळांनी विणलेली. त्याखाली भुरकट पोयटा. त्याच्याही खाली प्लास्टरचे गोळे, फरशीचे तुकडे, सिमेंटच्या गोणीच्या चिंध्या दिसल्या, तर बांधकामाचा मलबा न उचलता त्यावरच माती पसरली आहे. मूळ काळी जमीन असेल आणि फावड्याचा काप चकचकीत दिसत असेल, तर ती जमीन ट्रॅक्टर-टेम्पोखाली दबली आणि कुणी खणून मोकळी केली नाही. अशा थरापाशी मुळं खाली न जाता आडवी वळलेली दिसतात. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा 44-45 पर्यंत जातो, तेव्हा पोयटा दोनच इंच असेल तर त्यातली ओल दुपारपर्यंतही टिकत नाही. डिसेंबर ते मार्च याच लॉनला तेवढी माती पुरली, म्हणून दोष झाकलेला राहिला.

आता हिशेब. 1,000 चौरस फुटांवर 6 इंच माती म्हणजे 500 घनफूट, म्हणजे 5 ब्रास. टाकलेली मोकळी माती पाण्याने बसते आणि पाचवा-चौथा हिस्सा कमी होते. त्यामुळे आज साडेचार-पाच इंच भरली तर त्यावरून भांडू नका, माणसाने शब्द पाळला आहे. पण तिन्ही खड्ड्यांत दोनच इंच निघाली तर जेमतेम 2 ब्रास टाकून 5 ब्रासचे पैसे लावले आहेत. खड्ड्यात टेप उभा धरून आकडे वाचता येतील असे फोटो काढा.

तुंबणाऱ्या कोपऱ्यातला खड्डा पाण्याने काठोकाठ भरा, जिरू द्या, मग दुसऱ्यांदा भरून तासाभरात पाणी किती उतरलं ते मोजा. एक इंचापेक्षा कमी उतरलं तर निचरा नाही. तिथली मुळं काळपट आणि मातीला आंबूस वास असेल, तर त्या जागी पिवळेपण पाणी जास्त झाल्याचं आहे. म्हणजे एकाच लॉनमध्ये एकीकडे पाणी कमी आणि दुसरीकडे जास्त असं असू शकतं, आणि दोन्हीचं मूळ खालच्या जमिनीत.

तिसरा एक प्रकार असतो. कोवळी पाती पिवळी पण शिरा हिरव्या, म्हणजे केवडा. तो चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यात लोह न मिळाल्याने पडतो. तसं दिसलं तर जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेतून माती आणि पाणी तपासून घ्या.

कंत्राटदाराचं म्हणणंही तपासायला हवं, नाहीतर तक्रार लंगडी पडते. मे महिन्यात 1,000 चौरस फूट लॉनला रोज साधारण 600 लिटर पाणी लागतं. नळीखाली 15 लिटरची बादली धरा. ती 45 सेकंदांत भरली तर मिनिटाला 20 लिटर, म्हणजे अर्धा तास नळी चालायला हवी. तुम्ही दहाच मिनिटं देत असाल तर दोष दोघांचाही आहे, आणि तो मान्य करून बोललात तर पुढचं बोलणं सोपं जातं.

लव्हाळा उपटून जात नाही. वरचा तुरा हातात येतो आणि खालचा कंद पुन्हा फुटतो. तो पोयट्यातून किंवा न कुजलेल्या शेणखतातून येतो. खरी पद्धत अशी की माती पसरली की पाणी द्यायचं, 15-20 दिवस उगवू द्यायचं, कंदासकट खणून काढायचं, हे दोनदा करायचं आणि मगच लॉन अंथरायचं. घाईच्या कामात हाच महिना गाळला जातो. त्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारू नका, लॉनही जळेल.

दुरुस्ती म्हणून ‘वरून माती चाळून टाकतो’ असं सांगतील. मलब्यावर त्याचा उपयोग नाही. चट्ट्यांपुरतं गवत उचलून 8-9 इंच मलबा काढणं, तळ कुदळीने खणून मोकळा करणं, पोयटा आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळून भरणं, तुंबणाऱ्या कोपऱ्याला उतार देणं, हे काम आहे. मात्र ते मेमध्ये करून घेऊ नका. आज लेखी कबूल करून घ्या आणि काम पहिला चांगला पाऊस झाल्यावर. तोवर लॉन दोन इंचांखाली कापू नका. उरलेले 30 टक्के दुरुस्तीपर्यंत थांबवा, पण नुसते अडवून ठेवू नका. कोटेशनमध्ये काय लिहिलंय आणि खड्ड्यात काय निघालं हे ओळीने लिहून, फोटो जोडून, लेखी कबुलीसाठी 15 दिवसांची मुदत द्या. आणि त्याला एक संधी दिल्याशिवाय दुसऱ्या माळ्याला फावडं लावू देऊ नका. पुरावा जमिनीत आहे, तो उकरला की गेला.

प्रश्न : फाटकापासून पोर्चपर्यंत बसवलेले पेव्हिंग ब्लॉक मागच्या पावसाळ्यात खचले. पाणी आता जोत्याकडे येतं. कंत्राटदार खाली कच (दगडाचा बारीक चुरा) टाकून पुन्हा बसवून देतो म्हणतो. मान्य करावं का? (धुळे)

उत्तर : नाही, आधी खचलेल्या जागचे चार-सहा ब्लॉक उचलून बघा. कच दोन इंचांपेक्षा जाड निघाला तर खालचा थर नीट न करता कचानेच लेव्हल काढली आहे. कच हा फक्त ब्लॉक बसवण्यापुरता, एक ते दीड इंच. आणखी कच टाकला तर पुढच्या पावसात तीच गत होईल.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काहीही बसवलं तर ते वर-खाली होणारच. म्हणून निदान एक-दीड फूट काळी माती काढून मुरूम भरायचा, तोही 6-6 इंचांच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून मशिनने दाबून. त्यावर 4 इंच खडी दाबून, मग कच, मग ब्लॉक. पायी वापराला आणि दुचाकीला 60 मिलिमीटरचा ब्लॉक चालतो, जड गाडीसाठी 80. दोन्ही कडांना काँक्रीटमध्ये पक्की बसवलेली कर्ब, म्हणजे कडेची उभी पट्टी हवी. कर्ब नसली की कडेचे ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडतात आणि पाणी कच वाहून नेतं.

उतार जोत्यापासून बाहेरच्या दिशेला, 10 फुटांना सव्वादोन-अडीच इंच. लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तुम्हीच मोजा, दोन माणसं आणि दहा मिनिटं लागतात. गच्चीचा पन्हाळ-पाइप या वाटेवर सुटतो का तेही बघा. तसं असेल तर आधी तो गटारीत वळवा, नाहीतर उत्तम कामही खचेल. सांध्यांत सिमेंटचं पाणी ओतू देऊ नका. बारीक कोरडी वाळू झाडून भरायची असते. जुने ब्लॉक शाबूत असतील तर तेच वापरता येतात, खर्च खोदाई, मुरूम आणि मजुरीचाच. हा खर्च कंत्राटदाराने सोसावा, असा आग्रह धरायला हरकत नाही, कारण खालचं काम त्याचंच होतं.

प्रश्न : लॉनसाठी 8 पॉप-अप स्प्रिंकलर (पाण्याच्या दाबाने जमिनीतून वर येणारे फवारे) बसवले. गच्चीवरच्या टाकीला जोडलेत. जेमतेम फूटभर उडतात. पाइप बदलावा म्हणतात. (अमळनेर)

उत्तर : पाइप बदलून फरक पडणार नाही. पाणी 10 मीटर उंचीवरून आलं तर दाब चौरस सेंटिमीटरला 1 किलो मिळतो. तुमची टाकी 20 फुटांवर असली तर मिळतो 0.6, त्यातून वळणांत आणखी घटतो. पॉप-अपला तोटीपाशी साधारण 2 किलो लागतो. म्हणजे पंप हवाच. शिवाय 15 फूट फेकणारी पूर्ण वर्तुळाची एक तोटी मिनिटाला 12-14 लिटर पाणी घेते. आठ एकदम चालवल्या तर मिनिटाला 100 लिटरच्या आसपास जातं. चार-चारचे दोन भाग करून वेगळे व्हॉल्व्ह द्यायला सांगा, आणि एका तोटीचं पाणी शेजारच्या तोटीपर्यंत पोचतं का ते चालू करून बघा. पंपाआधी जाळीची गाळणीही बसवून घ्या. पंप तुम्हीच खर्च वाचवायला नाकारला असेल तर त्याला बोल लावता येणार नाही. त्याने सुचवलाच नसेल तर ही चूक त्याचीच.

प्रश्न : एप्रिलमध्ये 12 पाम लावले, 5 वाळले. ‘झाडाची गॅरंटी नसते’ असं उत्तर मिळालं. (भुसावळ)

उत्तर : वाळलेलं एक झाड उपटून बघा. काळी पिशवी तशीच मुळांना गुंडाळलेली असेल, किंवा बुंधा नर्सरीतल्या मातीच्या पातळीपेक्षा चार-सहा इंच खोल गाडलेला असेल, तर गॅरंटीचा प्रश्नच उरत नाही, लावणी चुकली. पिशवी नीट काढलेली आणि खोली बरोबर असेल तर उन्हाळ्याचा फटका. आपल्याकडे केळीबागेभोवती शेवरी लावतात ती झळा आणि वारा अडवायलाच. एप्रिलमध्ये आडोसा न करता पाम लावायला होकार देणं ही जाणकाराची चूकच म्हणावी लागेल, पण नुकसान अर्धं-अर्धं वाटून घेणं रास्त. नवी रोपं जुलैत लावून घ्या.

प्रश्न : 1 लाख 80 हजार देऊन झाले. पक्कं बिल नाही, सगळं बोलणं व्हॉट्सअॅपवर. काम अर्धवट, फोन उचलत नाही. कोर्टाची पायरी चढावी लागेल का? (शहादा)

उत्तर : आधी लेखी नोटीस. ती स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशी पाठवा आणि तीच व्हॉट्सअॅपवरही. ठरलेलं काम, दिलेली रक्कम तारखांसह, राहिलेलं किंवा बिघडलेलं काम, आणि 15 दिवसांत पूर्ण करा किंवा पैसे परत द्या, एवढंच लिहा. शिव्या-धमक्या नकोत, तो कागद पुढे ग्राहक आयोगासमोर जाऊ शकतो. पक्कं बिल नसलं तरी यूपीआय आणि बँकेच्या नोंदी, दराचे मेसेज, कामाचे फोटो हे सगळं पुरावा ठरतं. मेसेज डिलीट करू नका, जुना फोनही विकू नका.

उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती मध्यस्थी करते, आदेश देत नाही. आदेश हवा तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणून कंत्राटदार सुरतेचा असला तरी तुमची तक्रार नंदुरबारला चालेल. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. आयोग दोष दूर करायला, पैसे परत द्यायला किंवा भरपाई द्यायला सांगू शकतो.

चोपड्याच्या एका वाचकाने मंगल कार्यालयाच्या लॉनबद्दल हेच विचारलं आहे. तिथे अडचण येऊ शकते. धंद्यासाठी घेतलेली सेवा या कायद्यात बसत नाही, अपवाद फक्त स्वतः राबून पोट भरण्यापुरत्या व्यवसायाचा. त्यांनी वकिलाला विचारूनच पाऊल टाकावं.

नव्याने काम देणाऱ्यांनी कोटेशनमध्ये ‘माती’ असा मोघम शब्द चालवून घेऊ नये. किती ब्रास, बसल्यावर किती इंच, मलबा कुणी उचलायचा, मुरुमाचे थर किती, लॉन अंथरण्याआधी तण किती वेळा काढायचं, हे लिहून घ्या. इसार 20-25 टक्क्यांपेक्षा जास्त नको. माती पडल्यावर लॉन अंथरण्याआधी टेप लावून मोजा आणि मगच पुढचा हप्ता द्या. 15 टक्के पहिला पावसाळा पार पडेपर्यंत हातात ठेवा, आणि हे सुरुवातीलाच दोघांच्या सह्यांनी ठरवा.