संधी की सांधा?

नागपूरच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "विज्ञानदिनाच्या भित्तिपत्रकासाठी 'दृश्य प्रकाशात काम करणारे हेटेरोजंक्शन फोटोकॅटॅलिस्ट' मराठीत कसे लिहू? मी 'विषमसंधी प्रकाशउत्प्रेरक' लिहिले, तर बाबांनी विचारले, कसली संधी?"

बाबांनी नेमके बोट ठेवले आहे.

फोटोकॅटॅलिस्ट म्हणजे प्रकाशाच्या ऊर्जेने रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. त्याचा प्रश्न सोपा. उत्प्रेरक शाळेपासून ओळखीचा आहे आणि प्रकाशसंश्लेषणामुळे 'प्रकाश' आधी लावायची सवयही आहे. संधीच्या नियमाने 'प्रकाशोत्प्रेरक' होतो, तो 'महोत्सव'इतकाच शुद्ध. पण भित्तिपत्रक लोक उभ्याउभ्या वाचतात, म्हणून मी 'प्रकाश-उत्प्रेरक' असेच लिहीन.

खरा पेच जंक्शनचा. हेटेरोजंक्शन म्हणजे दोन वेगळ्या अर्धसंवाहकांचा, म्हणजे वीज धड वाहूही न देणाऱ्या आणि धड अडवूही न शकणाऱ्या पदार्थांचा, जोड. पुस्तकात पी आणि एन प्रकारच्या अर्धसंवाहकांच्या जोडाला 'पी-एन संधी' छापतात, तेव्हा 'संधी' चूक नाहीच. अडचण येते ती वाक्यात. 'संधीवर इलेक्ट्रॉन वेगळे होतात' हे वाचताना मराठी माणसाच्या मनात आधी नोकरीची संधी येते, मग व्याकरणातला संधी. याच संस्कृत शब्दापासून आपल्याकडे 'सांधा' आला. गुडघ्याचा सांधा, लाकडाचा सांधा. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे मार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, तिथे गाडी या रुळावरून त्या रुळावर नेणारा तोही सांधा, आणि तो बदलणारा सांधेवाला.

रेल्वेचा सांधा मला इथे फार चपखल वाटतो. पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड घ्या. 1972 साली फुजिशिमा आणि होंडा यांनी त्याच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन दाखवले. पण त्यातला इलेक्ट्रॉन उडवायला सुमारे 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचे छोटे एकक) ऊर्जा लागते, म्हणजे अतिनील किरण. आपल्या मे महिन्याच्या उन्हातही त्यांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. दृश्य प्रकाश तो शोषतच नाही, म्हणून तर पांढरा दिसतो. पिवळ्या ग्राफाइटी कार्बन नायट्राइडला सुमारे 2.7 पुरते, त्यामुळे निळा प्रकाशही त्याच्या कामी येतो. मात्र प्रकाशाने उडालेला इलेक्ट्रॉन क्षणात आपल्या रिकाम्या जागी परततो आणि मिळालेली ऊर्जा बहुतेक उष्णता होऊन वाया जाते. दोन वेगळे अर्धसंवाहक नीट सांधले, की इलेक्ट्रॉन एका बाजूला जातो, रिकामी जागा दुसऱ्या बाजूला राहते. कोण कुठल्या रुळावर जाणार, हे सांध्यावर ठरते.

आणि 'सांधणे' म्हणजे 'मिसळणे' नव्हे. दोन पूड खलात नुसत्या एकत्र केल्या, तर कणाला कण टेकतो, पण मध्ये पुष्कळ ठिकाणी सांदी राहते. 'सांदीकोपरा'तली ही सांदीसुद्धा त्याच 'संधी'ची लेक! एकाच मुळातून जोडही आला आणि फटही आली. इलेक्ट्रॉनला फट नको, जोड हवा. म्हणून एका पदार्थावरच दुसरा वाढवणे, किंवा दोन्ही एकत्र तापवणे, असा खटाटोप करतात. भित्तिपत्रकावर हा फरक दाखवायला 'सांधा' आणि 'सांदी' ही जोडी वापराच.

राहिला 'विषम'. 'विषमांगी मिश्रण' आपल्याकडे रुळले आहे, पण सुट्या 'विषम'ने विषम संख्या आठवते. चुंबकाचे सजातीय-विजातीय ध्रुव मात्र सातवी-आठवीच्या पोरालाही ठाऊक असतात, तेव्हा 'विजातीय' घ्या. 'दृश्य प्रकाश' आहे तसाच ठेवा, 'दृश्यमान' करू नका.

शीर्षक असे लिहा: 'दृश्य प्रकाशात काम करणारे विजातीय सांध्याचे प्रकाश-उत्प्रेरक'. खाली बारीक अक्षरात 'हेटेरोजंक्शन फोटोकॅटॅलिस्ट' असू द्या, परीक्षकांना तेच नाव ओळखीचे असेल. आणि शीर्षक आधी बाबांना वाचून दाखवा.