तिसरं गाणं आधी ठरवू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या बँडच्या कार्यक्रमाला लोक येतात, टाळ्या वाजवतात, मोबाइल वर धरून शूटिंग करतात, पण पुढच्या वेळी त्यांतलं कुणी दिसत नाही, हे तू मोकळेपणानं लिहिलंस ते बरं केलंस. त्याच्याच खाली तू विचारलं आहेस की ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडमध्ये असं काय होतं, की माणसं कामधंदा बाजूला ठेवून त्यांच्या मागे शहराशहरांतून फिरायची. तू त्यांचे दोन अल्बम ऐकलेस आणि तुला ते विस्कळीत वाटले. तिघंचौघं एकत्र गातात तेव्हा सूर हलतात, आणि गाणी संपता संपत नाहीत.

तुझ्या कानांनी काही चूक केलेली नाही. सूर हलतात. पण तू जिथे ऐकलंस तिथे हा बँड राहत नव्हता.

एक उदाहरण देतो. ‘डार्क स्टार’ हे त्यांचं गाणं 1968 साली छोट्या रेकॉर्डवर निघालं, तेव्हा ते तीन मिनिटांचंही नव्हतं. पुढच्याच वर्षी ‘लाइव्ह डेड’ या अल्बमवर तेच गाणं सुमारे तेवीस मिनिटांचं झालं. शब्द तेवढेच. मधली वीस मिनिटं कुणी लिहिलेली नव्हती, ती त्या रात्री मंचावर सापडली. दुसऱ्या रात्री वेगळी सापडायची, आणि काही रात्री सापडायचीच नाहीत. डेडचं खरं काम या मधल्या वीस मिनिटांत आहे. अल्बम म्हणजे नुसता पत्ता. घर बघायचं तर मैफलीतच जायला हवं.

माझी आणि त्यांची ओळख एका कॅसेटवरून झाली. अमेरिकेहून परत आलेल्या एका स्नेह्यानं ती दिली होती. प्रतीची प्रत, तिचीही प्रत, सगळीकडे खरखर. आतल्या कार्डावर बारीक अक्षरात तारीख, सभागृहाचं नाव आणि गाण्यांची यादी होती. काही गाण्यांच्या मध्ये स्वल्पविरामाऐवजी बाण काढलेला. मी पैसे विचारले तर तो जवळजवळ दुखावला. म्हणाला, ‘याचे पैसे घ्यायचे नसतात. कुणी मागितली तर कोरी कॅसेट आणायला सांग आणि उतरवून दे.’ बाणाचा अर्थ मला पुष्कळ दिवसांनी कळला: इथे पहिलं गाणं थांबलं नाही, ते वाजता वाजताच दुसऱ्यात शिरलं. तो बाण जिथे आहे तिथे कान लावून बसायचं असतं, हे कळल्यावर मी ती कॅसेट अक्षरशः झिजवली.

आता तुझा प्रश्न. रसिकांना काय आवडत होतं? माझं उत्तर असं आहे की त्यांना या बँडमध्ये स्वतःसाठी जागा सापडली. आपल्याकडे गाणं ऐकणारी माणसं ‘काय जागा घेतली’ म्हणतात ना, ती जागा तर होतीच. पण ऐकणाऱ्यासाठी मोकळी सोडलेली जागाही होती, आणि ती बँडनं समजून उमजून सोडली होती.

मंचावरचं आधी बघू. गाण्यांचा क्रम आधी ठरलेला नसे. बँडचे दोन गिटारवादक गायक: जेरी गार्सिया एक गाणं उचलायचा, मग बॉब विअर एक. काल रात्री वाजलेलं आज बहुधा वाजत नसे. तीस वर्षांत, 1965 ते 1995, त्यांनी सुमारे 2,300 कार्यक्रम केले. त्यामुळे लागोपाठ चार रात्री तिकीट काढणारा माणूस तीच गोष्ट चार वेळा बघायला जात नव्हता. पहिले दोन सूर निघाले की हजारो माणसं एकदम ओळखायची आणि आरोळी उठायची. ‘डार्क स्टार’ 1984 नंतर पाच वर्षं वाजलं नव्हतं. 9 ऑक्टोबर 1989 ला व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनला ते अचानक सुरू झालं. ती टेप मिळव आणि लोकांचा आवाज ऐक. पाच वर्षं वाट बघितलेली माणसं अशी ओरडतात. तुमच्या कुठल्या गाण्याची कुणी वाट बघावी, इतकी ओढ तुम्ही लावली आहे का? तुमची सहाच गाणी आहेत आणि सहाच्या सहा दर वेळी त्याच क्रमानं होतात, हे तूच लिहिलं आहेस.

क्रम मोकळा ठेवला म्हणजे झालं, असं मात्र समजू नकोस. वाजवताना हे लोक काय करत होते ते नीट ऐकायला हवं, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तू स्वतः बास गिटार वाजवतेस. डेडमध्ये ती फिल लेशकडे होती. फिल लेश मुळात ट्रम्पेट वाजवणारा, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकलेला. बँडमध्ये आला तोवर त्यानं बास हातात धरला नव्हता. म्हणून बासनं खाली बसून मूळ सूर धरायचा असतो ही सवयच त्याला नव्हती. तो वर चढतो, गार्सियाच्या सुरावटीला उत्तर देतो, मध्येच गप्प होतो. विअर सरळ कॉर्ड घासत बसत नाही. दोघांच्या मध्ये जी फट राहते, तिथे छोटे, तिरके तुकडे टाकतो. गार्सिया तरुणपणी बँजो वाजवायचा, त्यामुळे त्याचा प्रत्येक सूर मण्यासारखा सुटा येतो. 1967 नंतर ड्रमवर दोघं होते, बिल क्रॉइट्झमन आणि मिकी हार्ट. मधली काही वर्षं हार्ट नव्हता. कुणी एकटा पुढे आणि बाकीचे साथीला, असं फार वेळ राहत नाही. सगळे बोलतात आणि सगळे ऐकतात. ऐकणाऱ्याला हे कळतं, त्याला संगीतातलं काही येत नसलं तरी. माणसं एकमेकांकडे खरोखर लक्ष देताना दिसली की बघणाराही पुढे सरकून बसतो.

आणि हे सगळं फसू शकत होतं. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे संगीत महोत्सवात 1967 साली त्यांना द हू हा बँड आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्या मध्ये वाजवावं लागलं, आणि त्यांची कुणाला आठवण राहिली नाही. 1969 साली वुडस्टॉक महोत्सवात ओल्या मंचावर विजेचे झटके बसत होते. तो कार्यक्रम इतका पडला की ते स्वतःच पुढे त्याला वाईट म्हणत राहिले. रॉकच्या इतिहासातले दोन सर्वांत गाजलेले मंच, आणि दोन्हीकडे हे लोक फसले. तरी रसिक तुटले नाहीत. कारण रसिकांशी झालेला करार निर्दोष कार्यक्रमाचा नव्हताच. आज काहीतरी शोधायला निघू, कदाचित सापडेल, असा तो करार होता. जो बँड दर वेळी नेमकं तेच, तसंच देतो, त्याचं कौतुक होतं. जो पडायची जोखीम आपल्यासमोर घेतो, त्याच्यासाठी माणूस श्वास रोखतो, आणि मग तो बँड त्याचा होतो.

दुसरी जागा त्यांनी मंचाच्या खाली सोडली. 1971 च्या अल्बमच्या आतल्या बाजूला त्यांनी रसिकांना उद्देशून चार ओळी छापल्या: तुम्ही कोण, कुठे आहात, कसे आहात, नाव-पत्ता कळवा. पत्रांचा ढीग आला. 1983 पासून ते तिकिटं टपालानं थेट स्वतः विकू लागले. अर्ज लक्षात राहावा म्हणून लोक पाकिटांवर रंगीत चित्रं काढून पाठवायचे, गुलाब, कवट्या, वेली. बँडच्या कचेरीनं ती पाकिटं टाकली नाहीत, जपली. आज ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझमधल्या संग्रहात आहेत. मला ही गोष्ट कुठल्याही सोलोइतकी महत्त्वाची वाटते. कुणीतरी तुला पाकीट रंगवून पाठवतं, आणि तू ते ठेवतेस.

मग रेकॉर्डिंग. लोक लपूनछपून टेप रेकॉर्डर आणायचे. दुसरे बँड अशांना बाहेर काढायचे. डेडनं सुरुवातीला कानाडोळा केला आणि पुढे रीतसर परवानगी दिली. मायक्रोफोनच्या काठ्यांचं जंगल इतकं वाढलं की ध्वनी सांभाळणाऱ्या डॅन हीलीला मंच दिसेना, तेव्हा ऑक्टोबर 1984 मध्ये बर्कलीच्या कार्यक्रमापासून टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखली गेली. अट एकच: विकायचं नाही. त्यातून टेपांची देवाणघेवाण करणारं एक प्रचंड जाळं उभं राहिलं. माझ्यापर्यंत ती खरखरती कॅसेट पोचली ती त्याच वाटेनं.

त्या जाळ्याची सर्वांत सुंदर गोष्ट 8 मे 1977 ची आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधला कार्यक्रम, मे महिना असून बाहेर बर्फ पडलं होतं. रेकॉर्डिंग केलं बेटी कँटर-जॅक्सननं, आणि तिच्याइतका स्वच्छ कान त्या बँडभोवती क्वचितच कुणाचा होता. पुढे तिच्यावर वाईट दिवस आले. गोदामात ठेवलेलं तिचं सामान 1986 साली लिलावात गेलं, त्यात टेपांचे ढीग होते. ते रसिकांच्या हाती पडले. त्यांनी पदरमोड करून, चिकाटीनं त्या टेपा दुरुस्त केल्या आणि वाटून टाकल्या. कॉर्नेलची रात्र अशी जगभर ऐकली गेली. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयानं तिला जपायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतलं, आणि बँडकडून ती अधिकृतपणे निघाली 2017 मध्ये. चाळीस वर्षं तिला रसिकांनी सांभाळलं होतं. (बेटीच्या वाट्याला त्यातून काय आलं, हा विचार मला आजही टोचतो. तुमच्या ध्वनीचं काम करणाऱ्या मुलाचं नाव तू एकदाही मंचावरून घेतलेलं नाहीस. घे.)

ध्वनीवरून आठवलं. 1974 साली त्यांनी सुमारे 75 टनांची स्पीकरांची भिंत उभी केली, आणि ती बँडच्या पाठीमागे. म्हणजे लोकांना जे ऐकू येतं तेच वादकांना ऐकू येणार, वेगळं काही नाही. लेशच्या बासच्या चार तारांचा आवाज चार वेगळ्या स्पीकरसंचांतून निघू शकायचा. हा खर्च त्यांना झेपला नाही, आणि त्या वर्षाअखेरीस त्यांना दौरेच थांबवावे लागले. व्यवहार म्हणून हा वेडेपणा होता. पण शेवटच्या रांगेतल्या माणसालाही स्पष्ट ऐकू यावं म्हणून बँड इतकं करतो, हे त्या माणसाच्या लक्षात राहिल्याशिवाय राहत नाही.

इथपर्यंत वाचून तू या सगळ्याच्या प्रेमात पडशील, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. अमली पदार्थ त्या जगात पहिल्या दिवसापासून होते आणि त्यांनी माणसं खाल्ली. गार्सिया 9 ऑगस्ट 1995 ला व्यसनमुक्ती केंद्रात हृदयविकारानं गेला, वय 53. कुणी तुला सांगेल की त्या संगीताचं मूळ त्यातच होतं. ऐकू नकोस. तीस वर्षं रोज वाजवणं आणि समोरच्याचं ऐकणं यातून ते आलं. व्यसनानं शेवटच्या वर्षांत काय केलं ते त्याच्या आवाजात आणि बोटांत ऐकू येतं, आणि मला त्या टेपा आजही पूर्ण ऐकवत नाहीत.

प्रेम फार वाढलं तरी काय होतं, तेही बघ. 1987 मध्ये त्यांचं एक गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत गेलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा. गर्दी अफाट वाढली. पुष्कळ जण संगीतासाठी येण्याऐवजी बाहेरच्या जत्रेसाठी येऊ लागले. 2 जुलै 1995 ला इंडियानातल्या डिअर क्रीकला तिकीट नसलेल्या हजारो लोकांनी कुंपण पाडून आत उड्या घेतल्या. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द झाला. बँडनं रसिकांना जाहीर पत्र लिहिलं: असंच चालणार असेल तर आम्हाला थांबावं लागेल. तरी त्या पत्राचा सूर घरातल्या वडीलधाऱ्यासारखा होता, मालकासारखा नव्हता. आठवड्याभरानं, 9 जुलैला शिकागोत त्यांचा गार्सियासह शेवटचा कार्यक्रम झाला.

तू पत्राच्या शेवटी विचारलंस की चाहते वाढवायला काय करावं, सोशल मीडियावर रोज काहीतरी टाकत राहावं का. टाक हवं तर, त्याला माझा विरोध नाही. पण समोर बसलेल्या चाळीस माणसांचं आधी बघ. मागच्या वेळी आलेला कुणी पुन्हा दिसला तर कार्यक्रमानंतर त्याच्याशी जाऊन बोल, नाव विचार, लक्षात ठेव. रेकॉर्डिंग करणाऱ्याला अडवू नका, त्याला चांगली जागा द्या.

आणि तुमच्या तिसऱ्या गाण्याचं काय करायचं ते सांगतो. त्याच्या मधल्या भागात तुमचा गिटारवाला सोळा मात्रांचा ठरलेला सोलो वाजवतो, अगदी पाठ केलेला. पुढच्या कार्यक्रमात तो काढून टाका. किती वेळ वाजवायचं, कुठे जायचं, परत कधी यायचं, काही ठरवू नका. तू मूळ सुरावर बसून राहू नकोस, ड्रमवाल्याकडे बघ आणि तो काय म्हणतोय त्याला उत्तर दे. दोनतीनदा तरी गोंधळ होईल, कुणीतरी आधीच सुरुवातीला परत येईल, दुसरा मागे राहील. तसंच वाजवत राहा. सगळं रेकॉर्ड कर आणि मला पाठव, फसलेलं आधी.

तुझा,
सर