३४० ओळी कुणी उडवल्या? आधी लॉग वाचा, मग त्या मुलाला विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पतसंस्थेच्या डेटाबेसमधून कर्जहप्त्यांच्या टेबलातल्या ३४० ओळी परवा गायब झाल्या. एसक्यूएल सर्व्हर आहे, फुल रिकव्हरी मॉडेल (म्हणजे बॅकअप होईपर्यंत लॉगमधल्या नोंदी पुसल्या जात नाहीत), लॉगचा, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदवहीचा, बॅकअप दर तासाला. मॅनेजरसाहेबांचं ठाम मत की काउंटरवरच्या नव्या मुलानेच केलं. लॉगवरून ते सिद्ध होईल का?

काय झालं, कधी झालं, कुठल्या लॉगिनने झालं, एवढं लॉग सांगेल. खुर्चीत कोण बसलं होतं ते सांगणार नाही. हे साहेबांच्या कानावर आजच घाला.

वाचायला बसण्याआधी जुन्या बॅकअप फायली पुसणारा जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) थांबवा. आणि "लॉग फार फुगलाय, सिंपल रिकव्हरी करून टाकू" म्हणणारा एक जण प्रत्येक ऑफिसात असतो, त्याला सर्व्हरकडे फिरकू देऊ नका; सिंपलमध्ये लॉगमधल्या जुन्या नोंदी आपोआप जातात.

चालू लॉग एफएन_डीबीलॉग या फंक्शनने दिसतो. दोन्ही पॅरामीटर नल द्यायचे. पण दर तासाला बॅकअप होतोय म्हटल्यावर परवाच्या नोंदी त्यात बहुधा नसतील. मग एफएन_डम्प_डीबीलॉग, ते थेट बॅकअप फाईल वाचतं. त्याला साठाहून जास्त पॅरामीटर लागतात. सुरुवातीचे काही सोडले तर पुढे नुसतं डिफॉल्ट, डिफॉल्ट लिहीत जायचं. हे सगळं टेस्ट सर्व्हरवर, डेटाबेसची प्रत रिस्टोअर करून करा.

आता ऑपरेशन कॉलममध्ये एलओपी_डिलीट_रोज आणि अ‍ॅलॉकयुनिटनेममध्ये तुमच्या टेबलाचं नाव, असा फिल्टर लावा. इथे पहिला घोळ होतो. ३४० ऐवजी १०२० नोंदी आल्या तर घाबरू नका. टेबलावर क्लस्टर्ड इंडेक्सशिवाय (ज्यात खुद्द ओळीच साठवलेल्या असतात) आणखी दोन इंडेक्स, म्हणजे शोधायच्या सूची, असतील तर एक ओळ पुसली की तीन नोंदी पडतात. कॉन्टेक्स्टमध्ये 'मार्क अ‍ॅज घोस्ट' दिसेल, म्हणजे ओळीवर फक्त खूण केली. ती पानावरून खरोखर नंतर काढली जाते, एलओपी_एक्स्पंज_रोज या नोंदीने. ते काम सर्व्हर स्वतः करतो, म्हणून ती वेळ धरून कुणाला पकडायला जाऊ नका.

त्या नोंदींचा ट्रान्झॅक्शन आयडी (एकत्रच पुऱ्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटाचा क्रमांक) घ्या आणि त्याची एलओपी_बिगिन_एक्सॅक्ट ओळ शोधा. खरा मजकूर तिच्यात आहे: सुरू झाल्याची वेळ, ट्रान्झॅक्शनचं नाव, एसपीआयडी (सर्व्हरशी झालेल्या जोडणीचा क्रमांक) आणि लॉगिनचा एसआयडी (त्याची अंतर्गत ओळखखूण). एसयूझर_एसनेम फंक्शनला तो एसआयडी दिला की लॉगिनचं नाव मिळतं. शेवट कमिटने (बदल पक्का) झालाय की अबॉर्टने (बदल मागे घेतला, म्हणजे रोलबॅक), तेही बघा. रोलबॅक झालेलं डिलीटसुद्धा लॉगमध्ये तेवढ्याच तोऱ्यात बसलेलं असतं.

नाव निघालं 'एसए' (सर्व्हरचं सर्वाधिकारी लॉगिन), आणि सॉफ्टवेअरही एसएनेच जोडलेलं, तर? (बहुतेक तसंच असणार, वर्षानुवर्षं हेच बघतोय.) तेव्हा शेजारच्या नोंदी वाचा. टेस्ट प्रतीवर सॉफ्टवेअरमधूनच एक हप्ता रद्द करा आणि लॉगमध्ये त्याचा ठसा कसा उमटतो ते बघा. समजा सॉफ्टवेअर 'यूझर_ट्रान्झॅक्शन' उघडतं, एक ओळ पुसतं, खात्याची बाकी बदलतं, ऑडिट टेबलात एक ओळ घालतं आणि कमिट करतं. परवाच्या ट्रान्झॅक्शनचं नाव मात्र नुसतं 'डिलीट' आहे, ३४० ओळी एका दमात गेल्यात, खात्याच्या बाकीला हात नाही, ऑडिटमध्ये काही नाही. मग हे काउंटरच्या स्क्रीनवरून झालेलं नाही. कुणीतरी थेट क्वेरी मारलीय, किंवा एखादा जॉब.

जॉबवरून सांगतो. एका दुकानदाराकडे आम्ही असंच ऑपरेटरला फैलावर घेतलं होतं. बिगिनची ओळ काढली तर वेळ रात्री २ ची आणि लॉगिन एजंटचं, म्हणजे जॉब चालवणाऱ्या सर्व्हरच्याच सेवेचं. स्क्रिप्ट माझीच निघाली. '०५/०३' ही तारीख मी ५ मार्च म्हणून लिहिली होती, सर्व्हरने ३ मे वाचली आणि दोन महिन्यांची बिलं जास्तीची पुसली. त्या ऑपरेटरला मी स्वतः जाऊन भेटलो.

ओळी परत आणायच्या तर बिगिनच्या ओळीचा एलएसएन (लॉगमधल्या नोंदीचा क्रमांक) टिपून ठेवा. तो ००००००३४:०००००१५८:०००१ असा दिसतो: व्हीएलएफचा (लॉग फाईलच्या एका तुकड्याचा) क्रमांक, लॉग ब्लॉक, ब्लॉकमधली नोंद, तिन्ही हेक्समध्ये (१६ च्या पायावरचे आकडे). डेटाबेस वेगळ्या नावाने रिस्टोअर करताना स्टॉपबिफोरमार्कमध्ये (अमुक नोंदीच्या आधी थांबा, असा पर्याय) 'एलएसएन:०एक्स' लावून तोच द्या, म्हणजे डिलीटच्या आधीचं चित्र उभं राहतं. तिथून फक्त त्या ३४० ओळी लाइव्हमध्ये घाला. आयडेंटिटी कॉलम (ज्यात सर्व्हर स्वतः क्रमांक देतो) असेल तर आयडेंटिटी_इन्सर्ट ऑन करायला विसरू नका, नाहीतर हप्त्यांचे जुने क्रमांक जातील. लाइव्हवर रिस्टोअर मात्र करू नका, परवापासूनच्या पावत्या उडतील.

बिगिनची ओळ आणि त्याच आयडीच्या पहिल्या दहा-बारा नोंदी इथे टाका, खातेदारांची नावं आणि एसआयडी खोडून. पुढचं मिळून बघू.