तूस, पऱ्हाटी आणि पीपीचा दाणा : वाचकांचे प्रश्न

शेतातल्या उरल्यासुरल्या काडीकचऱ्याची पूड करून ती पीपी (पॉलिप्रोपिलीन) किंवा एचडीपीई या प्लॅस्टिकांत फिलर, म्हणजे भरणा म्हणून मिसळता येते, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतो.

जळगावहून एक मोल्डर (साच्यात प्लॅस्टिकच्या वस्तू बनवणारे) विचारतात : कॅल्शियम कार्बोनेटचा फिलर किलोमागे स्वस्त पडतो आणि तो सुकवावाही लागत नाही. मग तूस कशाला?

तुम्ही प्लॅस्टिकचा दाणा किलोने घेता, पण साचा भरतो घनफळाने. हिशोब तिथेच चुकतो. समजा, तुमच्या वस्तूचं घनफळ बरोबर एक लिटर आहे. निव्वळ पीपीत तिचं वजन भरेल साधारण 905 ग्रॅम. आता वजनाने 30 टक्के कार्बोनेट घाला. त्याची घनता 2.7 च्या आसपास, म्हणून तीच वस्तू 1130 ग्रॅमची होईल. त्यात पीपी 791 ग्रॅम, म्हणजे 339 ग्रॅम कार्बोनेट घालून वाचलं फक्त 114 ग्रॅम पीपी. तितकेच टक्के तूस घातलं तर वस्तू सुमारे 1020 ग्रॅमची होते, कारण तुसातल्या, दाबल्या गेलेल्या काष्ठतंतूंची घनता 1.4 ते 1.5 एवढीच असते. यात पीपी 714 ग्रॅम. 306 ग्रॅम पूड घालून 191 ग्रॅम पीपी वाचलं.

थोडक्यात, एक किलो तुसाची पूड जवळपास 620 ग्रॅम पीपीची जागा घेते आणि एक किलो कार्बोनेट 335 ग्रॅमची. कुठल्याही फिलरचा भाव या आकड्यांशी ताडून बघा. शिवाय माल हलका राहतो, ते वाहतुकीत कामाला येतं.

आता दुसरी बाजू. पूड सुकवणं, ती दाण्यात मिसळून घेणं आणि कपलिंग एजंट (दोघांना जोडणारा पदार्थ) हे तीन खर्च वरच्या हिशोबात नाहीत. काष्ठतंतूला पाणी हवंहवंसं आणि पीपीला नकोसं, त्यामुळे दोघं एकमेकांना धरत नाहीत. त्यांच्यात दुवा म्हणून मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पीपी साधारण 2 ते 5 टक्के घालावं लागतं. ते वगळलं तर वस्तू कडक होते खरी, पण ताणली की पूड आणि पीपी जिथे भेटतात तिथूनच सुटते. कपलिंग घालूनही लवचिकता जाते आणि आघात सोसायची ताकद सहसा उतरते. म्हणून कुंड्या, ट्रे, फर्निचरचे आतले भाग यांना हरकत नाही. बिजागरीसारखं दुमडणारं झाकण, आपटली जाणारी क्रेट किंवा पांढरीशुभ्र वस्तू असेल तर नादी लागू नका. तिथे तुमचा कार्बोनेटच बरा.

गोंदियाचे भात गिरणीमालक : तूस ढिगाने पडून असतं. प्लॅस्टिकवाल्यांना पूड करून द्यायला यंत्र घेऊ का?

एवढ्यात नको. तुमची जमेची बाजू मोठी आहे. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असतं, ते एकाच जागी पडतं आणि बऱ्यापैकी कोरडं असतं. शेतातून गोळा करत फिरायचा प्रश्नच नाही. पण तूस जाळलं की 15 ते 20 टक्के राख उरते आणि त्या राखेत बहुतेक सिलिका असते. ही सिलिका पल्व्हरायझरचे (दळणयंत्राचे) हातोडे आणि जाळ्या खाते, पुढे गिऱ्हाइकाच्या मोल्डिंग यंत्राचा स्क्रू आणि बॅरलही खाते. जाळ्या किती दिवसांत बदलाव्या लागतील हे यंत्र विकणारा सहसा आपणहून सांगत नाही, तेव्हा विचारून घ्या.

तूस फुकट आहे हेही मनातून काढा. बॉयलर आणि वीटभट्टीवाले आजही ते नेतात, तो भाव हीच तुमची खरेदी किंमत. न दळलेलं तूस घनमीटरला जेमतेम 100 किलो भरतं, म्हणजे ट्रकभाडं हवेचंच जास्त. त्यामुळे दळायचं तर गिरणीतच, हे बरोबर. आधी गिऱ्हाईक ठरवा. त्याला कुठली जाळी हवी (60 मेश म्हणजे 250 मायक्रॉनच्या आसपास), ओलावा आणि राख किती चालते हे लिहून घ्या. पहिल्या काही गोण्या दुसऱ्याच्या यंत्रावर मजुरी देऊन दळून पाठवा. यंत्र घेतलंत, तर धूळ ओढून घेणारी व्यवस्था त्याच अंदाजपत्रकात धरा. सुकी पूड हवेत उडत असताना ठिणगी पडली की स्फोट होऊ शकतो, आणि रोज फुप्फुसात जाणारी धूळ हा कामगाराचा वेगळा प्रश्न आहे.

चाकणहून : तुसाचा तयार दाणा चालवतोय. मालावर चंदेरी पट्टे येतात आणि जळका वास येतो.

हे दोन वेगळे आजार आहेत. पट्टे बहुतेक करून ओलाव्याचे. दाणा कारखान्यातून कोरडा आला तरी पावसाळ्यात उघड्या पोत्यात तो परत पाणी ओढतो. हॉपर ड्रायरमध्ये 80 ते 100 अंशांवर तीन-चार तास ठेवा आणि तेवढाच काढा जेवढा लगेच लागेल. वास तापमानाचा. काष्ठतंतू 200 अंशांच्या आसपास करपायला लागतात. पडद्यावर 190 दिसत असलं तरी स्क्रूची गती जास्त असेल किंवा गेट (साच्यात माल शिरायचं तोंड) बारीक असेल, तर घर्षणाने आतला माल त्याच्या वर जातो. आधी गती आणि बॅक प्रेशर (स्क्रू मागे सरताना त्यावरचा दाब) उतरवा, मग गेटकडे बघा. जेवणाच्या सुट्टीत बॅरल भरलेला ठेवू नका, साध्या पीपीने पर्ज करून, म्हणजे आतला माल बाहेर ढकलून मगच थांबा. हाच दाणा नायलॉनमध्ये चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. नायलॉन 6 वितळतंच 220 अंशांना. विषय संपला.

कोल्हापूरचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी : हे सगळं प्रयोगशाळेपुरतंच आहे का?

नाही रे. बेकेलाइटच्या काळापासून, म्हणजे शंभराहून अधिक वर्षं, लाकडाचा भुसा फिलर म्हणून घालतात. अलीकडची उदाहरणं हवी असतील तर फोर्डची बघ. 2010 च्या फ्लेक्स गाडीत सामान ठेवायचे कप्पे गव्हाच्या काडाचा 20 टक्के भरणा असलेल्या पीपीचे होते. 2014 च्या एफ-150 मध्ये वायरिंगच्या एका आधाराच्या भागात भाताचं तूस होतं, तेही अमेरिकेतल्या आर्कान्सामधलं. दोन्ही भाग नजरेआड आहेत आणि त्यांच्यावर फार भार येत नाही. प्रकल्पासाठी वस्तू निवडताना तूही तशीच निवड.

यवतमाळची शेतकरी उत्पादक कंपनी : पऱ्हाटीचं काय?

पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेली झाडं, शेतातून निघायलाच हवी, तिच्यात गुलाबी बोंडअळी तग धरते. पण फिलर हा तिचा पहिला उपयोग मी म्हणणार नाही. उपटून आणलेल्या पऱ्हाटीच्या मुळांना माती असते, ती दळणयंत्राचं वाटोळं करते. सालीचे लांब धागे आणि चिकटून राहिलेला कापूस फीडरमध्ये गुंता करतात. गोळा करणं, चिप करणं, वाळवणं, दळणं एवढं करून मोल्डरला किती लागणार? तालुकाभराच्या पऱ्हाटीपुढे ती मागणी किरकोळच. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्यावर बरंच काम केलेलं आहे. आधी तिकडे चौकशी करा. बोर्ड किंवा ब्रिकेटसाठी (जळणाच्या दाबलेल्या विटांसाठी) चिप्स करायची व्यवस्था उभी राहिली, की चाळणीखाली पडणारी बारीक पूड प्लॅस्टिकवाल्याला विका. तो जोडधंदा ठीक आहे.

पुण्याच्या एक वाचक : ‘तांदळाच्या तुसापासून बनवलेला’ कप घेतला. तो मातीत विरघळेल ना? त्यात चहा प्यावा का?

ताई, तुसाबरोबर दुसरं काय आहे ते आधी बघा. पीपी असेल तर तूस कुजेल आणि पीपीचे तुकडे मातीत राहतील. याला कंपोस्टयोग्य म्हणता येत नाही. त्यासाठी आयएस 17088 हे वेगळं मानक आहे. 1 जुलै 2022 पासून बंदी असलेले प्लॅस्टिकचे चमचे-प्लेट्सही तूस मिसळलं म्हणून कायदेशीर होत नाहीत.

चहाचं म्हणाल, तर वेष्टनावर मेलामाइन (एक कडक प्लॅस्टिक) लिहिलं असेल तर गरम काही ओतू नका. उष्णतेने त्यातून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड उतरू शकतं. बांबूची पूड आणि मेलामाइनच्या अशाच भांड्यांविरुद्ध युरोपीय संघाने 2021 मध्ये मोहीम काढली होती. पीपीचा कप असेल तर अन्नाशी संपर्कासाठीचं आयएस 10910 हे मानक पाळल्याचं विक्रेत्याकडून लेखी मागा. ते देता येत नसेल तर कपात पेनं ठेवा.

भिवंडीचे भंगार व्यापारी : असला माल आमच्या टाकीत बुडतो. कुठे टाकायचा?

बुडणारच. पीपी पाण्यावर तरंगतं म्हणून तुम्ही ते वेगळं काढता, पण 30 टक्के तूस असलेल्या मालाची घनता 1.02 भरते. तो खाली पीव्हीसी आणि पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक) यांच्या ढिगात जातो आणि पेटच्या तापमानाला करपून सगळा घाणा काळा करतो. मिठाच्या पाण्याची दुसरी टाकी ठेवलीत, तर तो वर येईल आणि पीव्हीसी-पेट खालीच राहतील. साध्या पीपीत मात्र मिसळू नका, वेगळा साठवून कुंड्या करणाऱ्यालाच द्या. मोल्डरांनीही वस्तूच्या तळाशी नुसतं ‘पीपी’ न कोरता त्यात तूस आहे हेही कोरावं, साच्यात दोन अक्षरं वाढवायला फार खर्च येत नाही.