व्हिएतनामला पहिल्यांदाच जाण्यापूर्वी तिथला इतिहास आणि श्रद्धा यांविषयी काय समजून घ्यावे?

आपण कुटुंबासह हनोईपासून हो ची मिन्ह सिटीपर्यंत जाणार आहात, अमेरिकेशी झालेल्या युद्धापलीकडे या देशाची फारशी माहिती नाही आणि देवळांत काय पाहावे, कसे वागावे हेही ठाऊक नाही, असे आपण लिहिले आहे. मी हा देश उत्तरेकडून दक्षिणेकडे फिरले आहे. माझे सांगणे असे, की युद्धसंग्रहालयाच्या आधी तिथल्या घरांतला पूर्वजांचा देव्हारा नीट पाहावा. तो समजला की बाकीचा इतिहास पुष्कळ सोपा होतो.

जवळजवळ प्रत्येक घरात, बहुधा सर्वांत मानाच्या जागी, दिवंगत आईवडील आणि आजीआजोबा यांच्या तसबिरी मांडलेल्या असतात. समोर राखेने भरलेले चिनीमातीचे भांडे, त्यात जळून उरलेल्या उदबत्त्यांच्या काड्या, फळांचे ताट आणि चहाचे किंवा मद्याचे चिमुकले पेले असतात. दुकानांत दाराजवळ जमिनीवर आणखी एक लहान देव्हारा दिसतो. तो भूमिदेव आणि धनदेव यांचा असून, दक्षिणेत त्यांच्यापुढे दुधाच्या कॉफीचा पेला आणि पेटवलेली सिगारेटही ठेवतात. हे पाहून हसू नये, कारण देवाला आपल्याला आवडते तेच द्यावे ही त्यामागची भावना अगदी प्रामाणिक आहे. पुण्यतिथी चांद्र पंचांगाप्रमाणे पाळली जाते, स्वयंपाक आधी पूर्वजांपुढे ठेवला जातो आणि मग नातेवाईक जेवायला बसतात. आपल्याकडे श्राद्धाला पान वाढतात, तेव्हा मनात जे असते तेच तिथे वर्षभर जागे असते. म्हणूनच भाताच्या वाडग्यात जेवणाच्या काड्या (चॉपस्टिक्स) उभ्या खोचून ठेवू नयेत. मृतांसाठीच्या भातात उदबत्ती तशी खोचतात, त्यामुळे ते अशुभ मानले जाते.

ही रीत घरापुरती राहत नाही. देशाचे आद्य पूर्वज मानलेल्या हुंग राजांचा दिवस चांद्र वर्षाच्या तिसऱ्या महिन्याच्या दहाव्या तिथीला येतो आणि त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. गावोगावी ग्रामदैवताचे सभागृह असते आणि ते दैवत अनेकदा कोणे एके काळचा सेनापती किंवा गावाला एखादी कला शिकवणारा माणूस असतो. मंगोलांना हरवणाऱ्या त्रान हुंग दाओ याची देवळे आहेत आणि लोक तिथे आजारपणासाठी, संकटनिवारणासाठी नवस बोलतात. काही देवळांत आधुनिक व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांचाही पुतळा दिसतो. तेव्हा पाठ्यपुस्तकातली माणसे आणि देव्हाऱ्यातली माणसे निरनिराळी असतात, असे इथे धरून चालू नये.

इतिहासाचा सांगाडा थोडक्यात असा. उत्तरेकडच्या भागावर सुमारे हजार वर्षे चिनी सत्ता होती. इसवी सन 40 मध्ये त्रुंग भगिनींनी तिच्याविरुद्ध उठाव केला आणि अखेर 938 मध्ये न्गो क्वेन याने बाक दांग नदीवर निर्णायक विजय मिळवला. भरतीच्या वेळी शत्रूच्या नौका आत ओढून घ्यायच्या आणि ओहोटी लागली की नदीच्या तळात रोवलेल्या टोकदार लाकडी खांबांवर त्या अडकवायच्या, हीच युक्ती 1288 मध्ये त्रान हुंग दाओने त्याच नदीत मंगोलांविरुद्ध वापरली. समाजमाध्यमांवर आपल्याकडे एक संदेश नेहमी फिरतो, की व्हिएतनामने अमेरिकेला शिवाजी महाराजांच्या युद्धनीतीमुळे हरवले. त्याला ऐतिहासिक आधार नाही. महाराजांचे मोठेपण अशा गोष्टींवर अवलंबून नाही आणि व्हिएतनामी लोकांची युद्धपरंपरा त्यांच्या स्वतःच्या नद्यांत आणि डोंगरांत घडलेली आहे, हा त्यांचा मान त्यांना द्यायला हवा.

हनोईत 1070 मध्ये उभारलेले, चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसचे साहित्यमंदिर अवश्य पाहावे. तिथे दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिळा असून, त्यांवर राजपरीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावे कोरलेली आहेत. चिनी सत्ता गेली, तरी कन्फ्यूशियसचा विचार राहिला आणि पूर्वजपूजेला त्याने अधिक शिस्त दिली.

मराठी प्रवाशाने सर्वाधिक वेळ द्यावा, तो मध्य व्हिएतनाममधील चंपा या चाम लोकांच्या जुन्या हिंदू राज्याच्या अवशेषांना. होई आनपासून सुमारे 40 किलोमीटरवर मी-सन हे देवळांचे खोरे आहे. चौथ्या शतकात राजा भद्रवर्मन याने तिथे भद्रेश्वर नावाच्या शिवलिंगाची स्थापना केली आणि पुढे तेराव्या शतकापर्यंत विटांची देवळे बांधली जात राहिली. 1969 च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात सर्वांत भव्य देऊळ कोसळले. अलीकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने काही समूहांचे जतन केले आणि त्या कामात 2020 मध्ये वालुकाश्माचे अखंड शिवलिंग सापडले. जाण्यापूर्वी दा नांगचे चाम शिल्पसंग्रहालय पाहिले, तर रिकाम्या गाभाऱ्यांत काय होते ते कळते.

चंपाच्या दक्षिणेकडील भागाचे नाव पांडुरंग होते आणि आजचे फान रांग शहर त्याच भागात आहे. केवळ नावावरून पंढरपूरशी नाते जोडू नये, पण तिथे जरूर जावे. पो क्लोंग गराई देवळात राजाचा चेहरा कोरलेले शिवलिंग आजही पुजले जाते आणि साधारण सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये काते उत्सवाला चाम लोक तिथे जमतात. न्हा त्रांगच्या पो नगर देवळात तर आणखी विलक्षण गोष्ट दिसते. ती मूळची चाम लोकांची देवी. व्हिएतनामी लोकांनी तो प्रदेश जिंकला, पण देवीला न हटवता थिएन ई आ ना या नावाने तीच आपली मानली. जिंकलेल्यांनी हरलेल्यांची माता पूजावी, याहून या देशाची ओळख करून देणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

मातृदेवतांची ही उपासना उत्तरेतही फार जोरकस आहे. लेन दोंग विधीत माध्यम झालेल्या व्यक्तीच्या अंगात एकामागून एक देवता येतात, प्रत्येकीसाठी वस्त्रे बदलली जातात आणि शेजारी गायक-वादक तिची गाणी गात असतात. 2016 मध्ये युनेस्कोने या उपासनेला वारसा म्हणून मान्यता दिली. विधी पाहायला मिळाला, तर परवानगीशिवाय छायाचित्रे घेऊ नयेत.

आता युद्धाविषयी. असंख्य सैनिकांचे देह अजूनही सापडलेले नाहीत. ज्याचे दफन नाही आणि ज्याच्यासाठी कोणी उदबत्ती लावत नाही, तो आत्मा भटकत राहतो अशी श्रद्धा आहे, म्हणून सातव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला अशा अनाथ आत्म्यांसाठीही अन्न ठेवले जाते. हो ची मिन्ह सिटीच्या युद्धसंग्रहालयात आणि हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत हे लक्षात ठेवून जावे. ह्वे शहरातील थिएन मू पॅगोडात एक जुनी निळसर मोटार ठेवली आहे. 11 जून 1963 रोजी भिक्षू थिच क्वांग दुक त्याच गाडीने सायगावच्या, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह सिटीच्या, एका चौकात आले आणि बौद्धांवरील अन्यायाविरुद्ध त्यांनी आत्मदहन केले.

वेळ असल्यास ताय निन्ह येथे 1926 मध्ये स्थापन झालेल्या, अनेक धर्मांचा मेळ घालणाऱ्या काओ दाई पंथाच्या मुख्य मंदिरात दुपारी बारा वाजताची प्रार्थना पाहावी.

सर्वत्र खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत, उंबऱ्यावर पाय न देता तो ओलांडावा आणि जिथे पादत्राणे काढलेली दिसतील तिथे आपणही काढावीत. शक्य असल्यास चांद्र महिन्याच्या पहिल्या किंवा पंधराव्या दिवशी एखाद्या पॅगोडात जावे. त्या दिवशी सामान्य लोक खऱ्या अर्थाने पूजा करताना दिसतात, आणि अनेकजण शाकाहार पाळत असल्यामुळे ‘चाय’ (chay, म्हणजे शाकाहारी) अशी पाटी असलेल्या खानावळींत आपल्या कुटुंबालाही निश्चिंतपणे जेवता येईल.